बॅकगॅमन स्पर्धेसाठी घड्याळाची वेळ कशी ठरवावी

बॅकगॅमनची स्पर्धा घड्याळाविना भरवली की अडचण सहसा एकाच पटावर उभी राहते. बाकीचे सामने संपलेले असतात, पुढच्या फेरीची मांडणी झालेली असते आणि त्या एका पटावर दोन विचारी खेळाडू अजून तिसऱ्याच डावात गुंतलेले असतात. त्यांनी नियम मोडलेला नसतो, कारण त्यांच्यासाठी वेळेचा नियमच केलेला नसतो. घड्याळ लावल्याने हा प्रश्न सुटतो, पण वेळ चुकीची ठरवली तर त्याच घड्याळामुळे सामन्याचा निकाल पटाऐवजी हातांच्या चपळाईवर लागू लागतो. म्हणून वेळ कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हिशेबाने ठरवावी, हे येथे सविस्तर मांडले आहे. लहान क्लबची एका दिवसाची स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे, परंतु हिशेबाची पद्धत मोठ्या स्पर्धेलाही तशीच लागू पडते.

पहिली पायरी : डिले आणि राखीव वेळ यांतला फरक समजून घेणे

अमेरिकेत २००९ साली स्थापन झालेल्या यूएस बॅकगॅमन फेडरेशनच्या स्पर्धांत जे प्रमाण रूढ आहे आणि जे युरोपातही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, त्याचे दोन भाग आहेत. प्रत्येक खेळीच्या सुरुवातीला १२ सेकंद घड्याळ थांबून राहते. हा झाला डिले. त्याशिवाय सामना जितक्या गुणांचा असेल, म्हणजे अनेक डाव खेळून तो जिंकायला जितके गुण मिळवावे लागतात, तितक्या गुणांमागे प्रत्येकी २ मिनिटे दिली जातात. ही झाली राखीव वेळ. म्हणजे ७ गुणांच्या सामन्यात प्रत्येक खेळाडूकडे १४ मिनिटे, ११ गुणांच्या सामन्यात २२ मिनिटे आणि २५ गुणांच्या लांबलचक अंतिम सामन्यात ५० मिनिटे राखीव असतात. खेळी १२ सेकंदांच्या आत पूर्ण झाली तर राखीव वेळेतले एक सेकंदही खर्च होत नाही. मात्र वापरले न गेलेले सेकंद पुढच्या खेळीसाठी साठतही नाहीत.

बुद्धिबळातून आलेल्या वाचकाला येथे फिशर पद्धत आठवेल. बुद्धिबळाचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याने १९८८ साली ज्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९२ साली स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात जे वापरले गेले, त्यात प्रत्येक खेळीनंतर ठरावीक सेकंद शिल्लक वेळेत जमा होतात, मग ते वापरलेले असोत वा नसोत. बुद्धिबळात ही पद्धत उत्तम चालते, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक खेळीला काहीतरी निवड करावी लागते. बॅकगॅमनमध्ये तसे नाही. बारवर, म्हणजे मारलेल्या सोंगट्या ठेवण्याच्या पटाच्या मधल्या पट्टीवर, सोंगटी असलेल्या आणि समोरची सहाही घरे बंद झालेल्या खेळाडूला काहीच करता येत नाही. तो सलग दहा वेळा निव्वळ घड्याळ दाबतो. फिशर पद्धतीने १२ सेकंदांची भर ठेवली तर एवढ्यात त्याच्या खात्यात जवळजवळ २ मिनिटे जमा होतात, आणि तीही तो वाईट स्थितीत सापडला म्हणून. सक्तीच्या खेळीत, म्हणजे पडलेले दान एकाच रीतीने खेळता येते तेव्हाही, हेच होते. दैवाने कोणाला किती विचार करावा लागेल हे ठरत असताना त्याच दैवाने वेळेचीही वाटणी करावी, हे मला न्याय्य वाटत नाही. म्हणून बॅकगॅमनसाठी साठत न जाणारा डिलेच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिले अजिबात न ठेवता फक्त एकूण वेळ देण्याची तिसरी पद्धत आहे. ती वापरू नये. डावाची लांबी आधी सांगता येत नाही, हे त्याचे कारण. सुरुवातीच्या मांडणीत प्रत्येकाला १६७ पिप (एक पिप म्हणजे सोंगटीची एका घराची चाल) चालायचे असतात आणि एका दानाची सरासरी ८.१७ पिप येते. म्हणजे एकही सोंगटी मारली गेली नाही तरी सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला प्रत्येकी सुमारे वीस दाने लागतात. पण एखादा डाव तिसऱ्याच खेळीला क्यूब (डावाचे गुण दुप्पट करण्याचा प्रस्ताव मांडण्याचा ठोकळा) नाकारल्यामुळे संपतो, तर मागच्या घरांना धरून बसलेल्या खेळाडूचा डाव याच्या दुप्पट लांबतो. अशा खेळात ठोक वेळ देणे म्हणजे लांब डाव ज्याच्या वाट्याला आला त्याला दंड करणे होय.

दुसरी पायरी : सभागृहाच्या वेळेपासून मागे मोजत येणे

बहुतेक आयोजक आधी सामन्यांची लांबी जाहीर करतात आणि मग वेळ पुरत नाही म्हणून शेवटच्या फेऱ्या घाईने उरकतात. हिशेब उलट दिशेने करावा. समजा सोळा खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा आहे आणि सभागृह सकाळी १० ते संध्याकाळी ६ मिळाले आहे. एकूण ४८० मिनिटे झाली. त्यांतून नोंदणी आणि सोडतीची ३०, जेवणाची ४५ आणि बक्षीस समारंभाची १५ मिनिटे वजा केली की ३९० उरतात. चार फेऱ्यांमध्ये तीन मध्यंतरे येतील. प्रत्येकी १० मिनिटे धरली तर खेळासाठी ३६० मिनिटे हाती राहतात, म्हणजे एका फेरीला सरासरी दीड तास.

आता एका सामन्याला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा. ७ गुणांचा सामना, प्रत्येक डाव एकाच गुणाचा झाला तर, जास्तीत जास्त १३ डावांपर्यंत जाऊ शकतो. सर्वसाधारण सूत्र असे की गुणसंख्येच्या दुपटीतून एक वजा करावा. क्यूबमुळे आणि गॅमनमुळे (हरणाऱ्याची एकही सोंगटी बाहेर निघाली नसेल तर मिळणाऱ्या दुप्पट गुणांमुळे) प्रत्यक्षात डाव याहून बरेच कमी होतात, पण वेळापत्रक हे रेंगाळणाऱ्या सामन्यासाठी करायचे असते, म्हणून मी कमाल संख्येच्या तीन चतुर्थांश, म्हणजे १० डाव धरतो. एका डावात दोघांच्या मिळून ३६ खेळ्या धरल्या तर सामन्यात ३६० खेळ्या होतात. प्रत्येक खेळीत डिलेचे बाराही सेकंद वापरले जात नाहीत. सरासरी ८ सेकंद धरले तर ४८ मिनिटे होतात. त्यांत दोघांची राखीव वेळ २८ मिनिटे आणि डावांच्या मधल्या मांडणीची १० मिनिटे मिळवली की बेरीज ८६ मिनिटे येते. दीड तासात हे बसते, पण जेमतेम.

याच रीतीने ५ गुणांच्या सामन्याला ७ डाव धरून ६१ मिनिटे लागतात आणि ९ गुणांच्या सामन्याला १३ डाव धरून १११ मिनिटे. म्हणून चारही फेऱ्या ७ गुणांच्या ठेवण्याऐवजी पहिली फेरी ५ गुणांची, मधल्या दोन ७ गुणांच्या आणि अंतिम सामना ९ गुणांचा, अशी योजना करता येते. तिची बेरीज ३४४ मिनिटे होते आणि १६ मिनिटे हाताशी शिल्लक राहतात. अंतिम सामना लांब ठेवावा, असे मला मनापासून वाटते. दिवसभर खेळून तिथवर पोहोचलेल्या दोघांना कौशल्य दाखवायला पुरेशी जागा मिळाली पाहिजे. मात्र पहिल्याच फेरीत बाहेर पडणाऱ्याला केवळ ५ गुणांचा खेळ मिळतो, ही या योजनेची खरी किंमत आहे. सभागृह तासभर जास्त मिळत असेल तर हरलेल्यांसाठी वेगळी सांत्वन फेरी ठेवून ती भरून काढावी.

येथे धरलेले ३६ खेळ्यांचे आणि ८ सेकंदांचे आकडे अंदाजाचे आहेत. आपल्या क्लबातील खेळाडू संथ असतील तर ८ ऐवजी ९ किंवा १० सेकंद धरून हिशेब पुन्हा मांडावा.

तिसरी पायरी : वेळ कमी पडत असेल तर काय कापायचे

या निर्णयात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून त्यावर थोडे थांबू. वेळ पुरत नाही असे दिसले की आयोजकाचा हात आधी डिलेकडे जातो, कारण १२ वरून ६ सेकंदांवर येणे कागदावर किरकोळ वाटते. वरच्याच ७ गुणांच्या सामन्याचा हिशेब करून पाहू. डिले ६ सेकंदांचा केला तर ३६० खेळ्यांची ४८ ऐवजी ३६ मिनिटे होतात, म्हणजे १२ मिनिटे वाचतात. पण पेला हलवणे, फासे टाकणे, दान वाचणे, जोड (दोन्ही फाशांवर सारखा आकडा) पडली असेल तर चार सोंगट्या हलवणे आणि घड्याळ दाबणे, एवढ्याच कामाला ज्याला ८ सेकंद लागतात, त्याचे प्रत्येक खेळीत राखीव वेळेतले २ सेकंद जातात. त्याच्या १८० खेळ्यांत ही ६ मिनिटे होतात. चौदांपैकी सहा मिनिटे त्याने एकही विचार न करता घालवलेली असतात.

राखीव वेळ गुणामागे २ वरून १ मिनिटावर आणली तरी बचत साधारण तेवढीच, म्हणजे १४ मिनिटांची होते आणि खेळाडूकडे विचारासाठी ७ मिनिटे उरतात. मग फरक कुठे पडतो? ज्याच्या हातांना ८ ऐवजी १० सेकंद लागतात त्याच्याकडे पाहिले की तो दिसतो. साठी-सत्तरीतला खेळाडू, बोटांना संधिवात असलेला खेळाडू, किंवा नुकताच शिकलेला आणि सोंगट्या मोजून हलवणारा खेळाडू ६ सेकंदांच्या डिलेत दर खेळीला ४ सेकंद गमावतो. १८० खेळ्यांत १२ मिनिटे. त्याच्याकडे विचारासाठी २ मिनिटे राहतात, तर समोरच्या चपळ तरुणाकडे जवळजवळ संपूर्ण १४. राखीव वेळ कमी केली असती तर दोघांनाही सारखीच ७ मिनिटे मिळाली असती. डिले हातांसाठी असतो आणि राखीव वेळ डोक्यासाठी. टंचाई आलीच तर ती दोघांच्या डोक्यांवर सारखी यावी, एकाच्या हातांवर नव्हे.

म्हणून कापण्याचा क्रम असा ठेवावा. आधी सामन्याची लांबी कमी करावी, कारण ७ ऐवजी ५ गुण केल्याने तब्बल २५ मिनिटे वाचतात आणि खेळाची लय तीच राहते. तेवढ्याने भागले नाही तर राखीव वेळ गुणामागे दीड मिनिटापर्यंत आणावी. डिलेला शेवटी हात लावावा आणि तोही १० सेकंदांच्या खाली नेऊ नये. केवळ वेगासाठी म्हणून वेगळी जलद स्पर्धा ठेवायची असेल तर गोष्ट निराळी. तिथे येणारा प्रत्येक जण चपळाईची कसोटी मान्य करूनच बसतो.

नवशिक्यांच्या गटासाठी मात्र उलट विचार करावा. त्यांना राखीव वेळ फारशी लागत नाही, कारण कुठे थांबून विचार करावा हेच त्यांना अजून उमगलेले नसते. त्यांचा वेळ मोजण्यात आणि हलवण्यात जातो. त्यांच्यासाठी डिले १५ सेकंद ठेवून राखीव वेळ गुणामागे दीड मिनिट केली तर घड्याळाची भीती बरीच कमी होते. शारीरिक अडचण असलेल्या खेळाडूलाही जादा राखीव वेळ न देता जादा डिले द्यावा, किंवा घड्याळ दाबण्यासाठी मदतनीस द्यावा, आणि हे सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला सांगून ठेवावे.

चौथी पायरी : घड्याळ तपासणे

बाजारात मिळणारी बहुतेक डिजिटल घड्याळे बुद्धिबळासाठी बनवलेली असतात आणि त्यांतल्या प्रत्येकात साधा डिले असतोच असे नाही. काहींत त्याऐवजी ब्रॉन्स्टाइनच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार असतो. त्यात वेळ लगेच कमी होऊ लागते आणि खेळी झाल्यावर वापरलेली वेळ, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, परत केली जाते. एकूण हिशेब दोन्हींत जवळपास सारखाच असला तरी अगदी शेवटच्या सेकंदांत घोटाळा होऊ शकतो. त्यासाठी सोपी कसोटी आहे. राखीव वेळ ५ सेकंद आणि डिले १२ सेकंद लावून घड्याळ सुरू करावे आणि काहीही न करता पाहत बसावे. ते १७ व्या सेकंदाला शून्यावर आले तर ठीक. ५ व्या सेकंदालाच आले तर पहिल्या खेळीचा डिले त्यात धरलेला नाही, आणि तो राखीव वेळेत हाताने मिळवून घ्यावा लागेल. ही तपासणी प्रत्येक घड्याळावर करावी, कारण एकाच पेटीतल्या दोन घड्याळांवर वेगवेगळे पर्याय निवडलेले राहू शकतात.

घड्याळे कमी असतील तर मोबाइलवरील ॲप चालते. फोन विमान मोडवर ठेवावा, पडदा बंद होणार नाही अशी सोय करावी आणि चार्जर जवळ असावा. सामन्याच्या मध्यात वाजलेला फोन हा खेळाडूंचा नव्हे, आयोजकाचा दोष समजावा.

पाचवी पायरी : घड्याळ दाबण्याचे नियम लिहून काढणे

वेळेचे आकडे कितीही विचारपूर्वक ठरवले तरी घड्याळ केव्हा दाबायचे याबद्दल एकवाक्यता नसेल तर तंटे होतातच. घड्याळाविना खेळताना फासे उचलले की खेळी संपते, ही सवय सगळ्यांच्या हाडीमांसी भिनलेली असते. घड्याळ असताना मात्र ते दाबणे हाच खेळीचा शेवट मानावा. त्यासाठी दोघांनी मिळून फाशांची एकच जोडी वापरणे सर्वांत सोयीचे: खेळून झाले की फासे पटावर तसेच ठेवून घड्याळ दाबायचे आणि समोरच्याने ते उचलायचे. अशाने घाईने आधीच दान टाकण्याचा प्रश्नही उरत नाही.

क्यूब दुप्पट करणाऱ्याने क्यूब फिरवून घड्याळ दाबावे. स्वीकारायचे की सोडायचे हा विचार प्रतिस्पर्धी स्वतःच्या वेळेत करतो. स्वीकारले तर त्याने क्यूब आपल्याकडे घेऊन घड्याळ परत दाबावे आणि मग दुप्पट करणाऱ्याने दान टाकावे. सोडले तर डाव संपला, घड्याळ थांबवावे. दोन डावांच्या मधली मांडणी घड्याळ थांबवूनच व्हावी, आणि पुढच्या डावात पहिली खेळी कोणाची हे फाशांनी ठरल्यावर त्याचे घड्याळ सुरू करावे. फासा तिरका राहिला किंवा पटाबाहेर पडला तर पुन्हा टाकताना नवा डिले मिळत नाही. तो वेळ टाकणाऱ्याचाच.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. सहाही घरे बंद असल्यामुळे बारवर अडकलेल्या खेळाडूला दान टाकायचे नसते, म्हणून दोघेही घड्याळ दाबायचे सोडून देतात आणि दुसरा खेळाडू एकामागून एक दाने टाकत राहतो. त्याचे घड्याळ मात्र एकच लांब खेळी चालू आहे असे समजून डिले संपताच राखीव वेळ खाऊ लागते. जिंकत असलेल्या खेळाडूची दोन-तीन मिनिटे अशी नकळत निघून जातात. म्हणून खेळी रिकामी असली तरी घड्याळ दोन्ही बाजूंनी दाबलेच पाहिजे, असे नियमांत स्पष्ट लिहावे.

वेळ संपल्यास काय, हेही आधीच ठरवावे. माझ्या मते ज्याची वेळ संपली तो सामना हरला, हाच नियम ठेवावा. गुण कापण्याचे सौम्य उपाय दयाळू वाटतात, पण त्यांत आयोजकाला प्रत्येक वेळी नवा निवाडा करावा लागतो. नियम कडक असेल तर आकडे उदार असावेत, एवढेच पाहावे. वाद झाला तर कोणालाही घड्याळ थांबवून पंचाला बोलावण्याचा अधिकार असावा.

सहावी पायरी : सामना चालू असताना घड्याळ आणण्याची वेळ आली तर

सगळ्या पटांना पुरतील इतकी घड्याळे नसल्यास काही सामने घड्याळाविना सुरू करावे लागतात आणि त्यांतला एखादा रेंगाळतो. अशा वेळी राखीव वेळ काढण्याचे सूत्र सोपे आहे: सामन्याच्या गुणसंख्येची दुप्पट करावी आणि त्यातून दोघांनी मिळून केलेले गुण वजा करावेत, येईल तितकी मिनिटे प्रत्येकाला द्यावीत. ११ गुणांचा सामना ५–३ वर असेल तर २२ मधून ८ वजा जाऊन प्रत्येकी १४ मिनिटे मिळतात. गुणामागे दीड मिनिटाचे प्रमाण ठेवले असेल तर या उत्तराचा तीन चतुर्थांश, म्हणजे साडेदहा मिनिटे घ्यावीत. आतापर्यंत कोणी जास्त वेळ घेतला याचा वाद पंचाने ऐकू नये, कारण ते मोजलेलेच नसते. दोघांना सारखीच वेळ द्यावी. घड्याळ दोन डावांच्या मध्ये आणावे, चालू डावात नाही, आणि फेरीच्या सुरुवातीपासून किती मिनिटांनी पंच ते आणू शकेल हेही आधी जाहीर करावे. वरच्या योजनेत ७ गुणांच्या फेरीसाठी मी पाऊण तास ठेवीन.

हे सगळे एका कागदावर, सोडतीच्या तक्त्याशेजारी लावावे. मजकूर असा पुरेल: “प्रत्येक खेळीला १२ सेकंद डिले. प्रत्येक गुणामागे २ मिनिटे राखीव. घड्याळ दाबल्यावर खेळी पूर्ण. रिकाम्या खेळीतही घड्याळ दाबावे. राखीव वेळ संपल्यास सामना गमावला. शंका आल्यास घड्याळ थांबवून पंचाला बोलवावे.”

सामना संपला की निकालाच्या चिठ्ठीवर गुणांबरोबर दोन्ही घड्याळांवर उरलेली वेळ लिहून घ्यावी. बहुतेकांकडे निम्म्याहून अधिक राखीव वेळ उरत असेल तर पुढच्या स्पर्धेत गुणामागे दीड मिनिट निर्धास्तपणे ठेवता येते किंवा सामने एका पायरीने लांबवता येतात. उलट अनेक चिठ्ठ्यांवर शेवटचे एखादे मिनिटच दिसत असेल, तर आधी त्या सामन्यांतल्या डावांची संख्या पाहावी, मग आपण धरलेले ३६ आणि ८ हे आकडे वाढवून पुन्हा बेरीज करावी, आणि गरज पडली तर पुढच्या वेळी सभागृह तासभर जास्त मागावे.